बटणावरची चिकटपट्टी

किसनरावांनी माझ्या मशीनच्या बटणावर चिकटपट्टी लावली होती. पुठ्ठ्याच्या खोक्यांना लावतात ती, खाकी रंगाची. दोन वेढे देऊन वरून अंगठ्यानं नीट दाबलेली.

मशीन परत करायला ते फाटकात उभे होते. हसत होते. किसनराव नेहमी हसतच असतात, म्हणून तर आमच्या वसाहतीत ते सगळ्यांना हवेसे वाटतात.

"हे काय आहे?" मी विचारलं.

"काही नाही मॅडम. ते लॉकचं बटन घडीघडी दाबा लागते, अंगठा दुखते. म्हणून बसवूनच टाकलं. आता नुसता घोडा दाबला का सुरू!"

शेगावच्या कडेला नोकरदारांनी मिळून बांधलेली ही वसाहत, तिथे किसनराव माझे शेजारी. तहसिलातून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालेले, नवरात्र मंडळाचे अध्यक्ष. मी वडनेर भोलजीला एकोणतीस वर्षं विज्ञान शिकवलं आणि निवृत्तीनंतर इथे घर केलं. आमच्या दोघांच्या अंगणांमध्ये कोयनेलचं लांबलचक कुंपण आहे. ते मी मोठ्या कात्रीनं कापायची, पण गेल्या उन्हाळ्यात खांदा धरला आणि मी बॅटरीवरचं मशीन घेतलं. त्याला दोन पाती मिळतात, गवतासाठी आखूड आणि कुंपणासाठी लांब, दोन्ही करवतीसारखी दातेरी. अंगठ्यानं लॉक दाबायचं आणि ते दाबलेलं असतानाच बोटानं घोडा ओढायचा, तरच पातं हलतं. नुसता घोडा चुकून ओढला गेला तर काहीच होत नाही. ज्यानं कुणी हे मशीन बनवलं, त्यानं माणसाची बोटं वाचवायला ते बटण बसवलं होतं. आणि अंगठा दुखतो म्हणून किसनरावांनी ते कायमचं दाबून टाकलं होतं.

मी तिथल्या तिथे पट्टी सोलून काढली. मशीनमध्ये बॅटरी तशीच होती. पात्याच्या दातांत कोयनेलचा चीक वाळून काळा झाला होता आणि एक दात वाकला होता. कुंपणाच्या आत जुनी काटेरी तार आहे, हे मी त्यांना दोनदा सांगितलं होतं.

"किसनराव, सोबत दिलेला चष्मा आणि हातमोजे कुठे आहेत?"

"ते पिशवीतच हायेत. घातलेच नाही तं खराब कसे होतीन?" असं म्हणून ते पुन्हा हसले. "मॅडम, तुम्ही लय भेता. मशीनच तं हाय."

मी चांगलीच बोलले त्यांना. बॅटरी काढल्याशिवाय पात्याला हात लावायचा नाही, दोन्ही हातांनी धरायचं, आधी कुंपणात हात घालून तारा-खिळे बघायचे, काम झालं की कोरड्या फडक्यानं पुसून तेलाचा थेंब सोडायचा आणि पात्यावर म्यान चढवायचं. ते मान हलवत राहिले. संध्याकाळपर्यंत वसाहतभर झालं, मॅडमनी एका पट्टीसाठी किसनरावांना शाळेतल्या पोरासारखं झापलं. योगिनी म्हणून समोरच्या बंगल्यातली सून आहे, ती मला म्हणालीसुद्धा, "काकू, एवढ्याशा गोष्टीवरून शेजार कशाला तोडता?"

आणि मी ते ऐकलं. पुढचं सगळं सांगण्याआधी हे कबूल केलं पाहिजे, की मी ते ऐकलं. वीस दिवसांनी किसनराव पुन्हा आले तेव्हा मी त्यांना मशीन दिलं.

त्यांच्या नातीचा, इराचा, पहिला वाढदिवस होता. नागपूरहून पाहुणे यायचे होते आणि त्यांच्या बाजूचं कुंपण पावसानं माणसाएवढं वाढलं होतं. मी अट घातली, "तुम्ही स्वतः चालवणार असाल तर न्या. दुसऱ्या कुणाच्या हातात द्यायचं नाही. आणि पट्टी लावायची नाही."

"तुमची शपथ मॅडम," असं म्हणत त्यांनी मशीन उचललं.

दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमाराला मी स्वयंपाकघरात होते. कुंपणापलीकडे मशीनचा आवाज येत होता. मध्येच तो थांबला. मग क्षणभरच पुन्हा घर्र झालं आणि एक बाई ओरडली.

तो आवाज वच्छलाबाईंचा होता.

वच्छलाबाई माझ्याकडे, किसनरावांकडे आणि वसाहतीतल्या आणखी दोन घरी धुणीभांडी करतात. पण त्यांची खरी ओळख ती नाही. लग्नात, भंडाऱ्यात, तेरवीला भाजी चिरायची असली की शेगावपासून नांदुऱ्यापर्यंतचे आचारी आधी वच्छलाबाईंना निरोप धाडतात. विळीवर बसल्या की तासाभरात पन्नास किलो वांगी चिरून होतात, आणि प्रत्येक फोड दुसरीसारखी. धुणीभांडी पावसाळ्यापुरती. तुळशीचं लग्न लागलं की त्या आम्हाला भेटतही नाहीत.

मी चपला घालून पलीकडे जाईपर्यंत किसनरावांची गाडी वळणावरून दिसेनाशी झाली होती. ओट्यावर त्यांची बायको सुचिता उभी होती, पदर तोंडाला लावून.

"काय झालं?"

"हात कापला वच्छलाचा. इळीवर," ती म्हणाली. पण तिनं माझ्याकडे पाहिलं नाही.

मशीन कुंपणाजवळ गवतात पडलेलं होतं. बॅटरी आत, लॉकवर नवी कोरी खाकी पट्टी, दोन वेढे. दातांमध्ये बोटाएवढी जाड फांदी अडकलेली आणि तिच्यावर, पात्यावर, खालच्या हराळीवर रक्त. मला कुणी काही सांगायची गरजच उरली नाही. फांदी अडकून पातं थांबलं. वच्छलाबाईंनी एका हातानं मूठ धरली आणि दुसऱ्या हातानं फांदी ओढायला गेल्या. ओढताना मुठीवरची बोटं आवळली गेली. लॉक पट्टीनं दाबलेलं नसतं तर मशीन गप्प राहिलं असतं.

मी आधी बॅटरी काढली. पट्टी मात्र मी काढली नाही. पात्याला म्यान घातलं, मशीन जसंच्या तसं कापडी पिशवीत टाकलं आणि ऑटो पकडला. असा संताप मला आयुष्यात कधी आला नव्हता. निम्मा किसनरावांवर होता आणि निम्मा माझ्यावर, आणि ऑटोवाला खड्डे चुकवत सावकाश चालवत होता म्हणून त्याच्यावरही मी ओरडले.

स्टेशन रस्त्यावरच्या खाजगी दवाखान्यात किसनराव बाहेरच्या बाकावर बसले होते. मला पाहून उठले.

"मॅडम, आतमधी काही बोलू नका."

"कोण चालवत होतं मशीन?"

"अहो, नागपूरचा फोन आला. दोन मिनिटं तिच्या हाती देल्लं. तिनंच हौसेनं..."

"हौसेनं? भांडी घासायला आलेली बाई हौसेनं कुंपण कापते?"

"हळू बोला." ते माझ्याजवळ आले. "मी डॉक्टरले इळीचं सांगतलं हाय. वच्छलालेही सांगून ठेवलं. मशीनचं नाव निघालं तं भलत्याच चौकश्या. मशीन तुमचं हाय मॅडम, तुमचंही नाव येईन. म्या तुमच्याचसाठी बोलून राह्यलो."

माझ्यासाठी! खोटं त्यांनी बोलायचं, तेही माझ्यावर उपकार म्हणून. मी त्यांना बाजूला सारून आत गेले.

वच्छलाबाई खाटेवर होत्या. डावा हात कापसात गुंडाळून उंच धरलेला, चेहरा पांढराफटक. शेजारी त्यांची सून काजल रडत होती. डॉक्टर अनुपमा हातमोजे चढवत होत्या. तरुण बाई, पण घाई नसलेली.

मी वाकून वच्छलाबाईंच्या कानाशी म्हटलं, "मी खरं काय ते सांगते."

त्यांनी मान हलवली. "राहू द्या बाई. मोठी माणसं हायेत ते. चार घरची कामं हायेत माह्यी त्या कालनीत. इळी तं इळी."

मला त्यांचाही राग आला. तो रास्त नव्हता, हे मला तेव्हाही कळत होतं. हात त्यांचा, पोट त्यांचं. त्यांनी गप्प राहायचं ठरवलं असेल तर मी कोण तोंड उघडणार? पिशवी पोटाशी धरून मी भिंतीला टेकून उभी राहिले.

डॉक्टरांनी कापूस उलगडून जखम निरखली. "विळीनं कापलं म्हणालात?"

उत्तर द्यायला किसनराव दारात येऊन उभेच होते. "हाव, डॉक्टर. भाजी चिरून राह्यली होती आमच्या घरी. वाढदिवस हाय ना नातीचा."

"विळीचा घाव एक असतो. लांब आणि साफ. इथे तीन आहेत, शेजारी शेजारी, आणि कडा फाटलेल्या."

"दोन-तीनदा लागली असन," किसनराव म्हणाले. मग त्यांना वाटलं असावं की एवढ्यानं भागत नाही, म्हणून त्यांनी आणखी भर घातली. "वय झालं ना आता तिचं. हात कापतात. आधीसारखं जमत नाही तिले चिरणं. म्या तं कवाचाच सांगून राह्यलो, का बाई, सोड आता इळी, कोन्या दिवशी बोट जाईन."

काजलचं रडणं थांबलं.

वच्छलाबाईंनी उजव्या हाताचा रेटा देऊन अंग उचललं. डॉक्टर पडून राहा म्हणत होत्या, पण त्या उठून बसल्या.

"काय म्हनलं तुमी?"

"अवं, तसं नाही वच्छला..."

"हात कापते माह्या?" त्यांचा आवाज मोठा नव्हता. "बेचाळीस वर्सं झाली इळीवर बसून राह्यली मी. न्हातीधुती नव्हती तवापासून. दोन हजार पानाच्या भंडाऱ्याले एकलीनं कोहळे फोडले. एक टवका नाही निघाला बोटाचा. हे पाहा," त्यांनी उजवा हात डॉक्टरांपुढे धरला, पालथा आणि उताणा, "हाय एखादी खूण? आन् हे उद्या गावात सांगतीन, वच्छलीचे हात कापते. कोन बोलावन मले लग्नाले? मी म्हनलं, साहेबाची इज्जत राहो, घेऊ इळीचं नाव. पन माह्यी इज्जत काऊन घेता?"

मग त्या डॉक्टरांकडे वळल्या. "डॉक्टरबाई, इळीनं नाही कापलं. मशीननं कापलं. मी भांडे घासून राह्यली होती. यायनं बलावलं आन् म्हनलं, धर, नुसता घोडा दाबत जाय, सोपं हाय. फांदी फसली तं म्हनलं, ओढ हातानं. म्हून ओढली."

मी पिशवीतून मशीन काढलं, म्यान उतरवलं आणि टेबलावर ठेवलं. डॉक्टरांनी दातांमधलं अंतर पाहिलं, जखम पाहिली, मग पट्टीवर नख ठेवून विचारलं, "हे कुणी लावलं?"

किसनराव फोन कानाला लावून बाहेर निघून गेले. फोन वाजला नव्हता.

डॉक्टरांनी केसपेपरवरची विळीची ओळ खोडली, शेजारी सही केली आणि खरं काय ते लिहिलं. मधल्या बोटाची शीर तुटली होती, म्हणजे बोट वाकवणारी दोरी. ती जोडायला त्याच दुपारी वच्छलाबाईंना अकोल्याला हलवलं.

तिसऱ्या दिवशी मी अकोल्याला गेले. हात प्लास्टरमध्ये, गळ्यात झोळी. काजल डबा आणायला गेली होती. मी खाटेशेजारी बसले आणि जे मनात खुपत होतं ते बोलून टाकलं. पट्टी मी आधी एकदा पाहिली होती, तरी मशीन पुन्हा दिलं, लोक नावं ठेवतील म्हणून.

त्यांनी झोळीतला हात सावरला.

"बाई, तुमचा राग खरा हाय," त्या म्हणाल्या. "पन तो लय उशिरा आला."

परतीच्या गाडीत खिडकीशी बसून मी ते वाक्य शेगावपर्यंत पुन्हा पुन्हा ऐकत होते.

इकडे वसाहतीत वेगळीच गोष्ट फिरत होती. मॅडमचं मशीन खराब निघालं, आपोआप सुरू झालं. असली मशिनं आणूच नयेत. किसनराव बिचारे चांगले, स्वतःच्या गाडीनं दवाखान्यात नेलं, खर्च उचलला. योगिनी मला फाटकात म्हणाली, "काकू, तुम्ही ते मशीन विकून टाका बाई." आपोआप सुरू झालं! महिनोन्‌महिने ज्याची बॅटरी मी उन्हात ठेवली नाही, ज्याचं पातं मी दरवेळी पुसून तेल घालून ठेवलं, ते मशीन गुन्हेगार, आणि पट्टी लावणारा बिचारा.

त्या आठवड्यातल्या रविवारी संध्याकाळी मंडळाची बैठक होती, दत्ताच्या देवळापुढच्या सभामंडपात. तीस-पस्तीस जण सतरंज्यांवर बसलेले. मी सहसा जात नाही. त्या दिवशी गेले आणि मशीन घेऊन गेले. मंडप-लायटिंगचं बोलणं संपल्यावर उभी राहिले.

"मला दोन गोष्टी सांगायच्या आहेत. पहिली माझी चूक." आणि मी ती सांगितली, काही न वगळता. "दुसरी गोष्ट या मशीनची. हे आपोआप सुरू होत नाही. ज्याला वाटतं त्यानं इथे येऊन बघावं."

कुणी आलं नाही. मग मीच बॅटरी बसवली. पट्टी अजून होती. मशीन लांब धरून, लॉकला हात न लावता मी नुसता घोडा दाबला. पातं घर्र करून धावलं. पुढच्या रांगेतले दोघे मागे सरकले. मी बॅटरी काढली, सगळ्यांसमोर पट्टी सोलली, बॅटरी परत बसवली आणि घोडा दाबला. काही झालं नाही. पुन्हा दाबला, दहा वेळा दाबला. मशीन मुकं.

"वच्छलाबाईंच्या हातात जे दिलं गेलं ते पट्टीचं मशीन होतं," मी म्हणाले. "आणि वर दवाखान्यात सांगितलं, की म्हातारपणानं त्यांचे हात कापतात. किसनराव, माझी चूक मी सांगितली. आता तुमची तुम्ही सांगा."

त्यांच्या चेहऱ्यावरचं हसू मी पहिल्यांदाच गेलेलं पाहिलं. "हे काय मंडळाचं काम हाय काय?" ते उठले. "ज्याले कोर्ट भरवायचं त्यानं घरी भरवावं. पट्टी कोनं लावली, कवा लावली, काय पुरावा हाय बे?"

असं म्हणून त्यांनी चपला घातल्या आणि निघाले. एक-दोघे त्यांच्यामागे उठले. मला वाटलं, आता बैठक मोडणार आणि उद्या पुन्हा तेच, मॅडमना काही कळत नाही.

सुचिता मात्र उठली नाही. बायकांच्या रांगेत, खांबाला टेकून ती बसली होती. तिला चारचौघांत बोलताना मी आठ वर्षांत ऐकलं नव्हतं.

"पट्टी यायनंच लावली," ती जमिनीकडे बघत म्हणाली. "पहिल्यांदाही आन् दुसऱ्यांदाही. कापाले कात्री म्या देल्ली होती. वच्छला म्हने, मले येत नाही साहेब, मले भेव वाटते. तरी यायनं तिच्या हाती देल्लं. मी ओट्यावरच होती. म्याही काही म्हनलं नाही."

किसनराव देवळाच्या पायरीवर थांबले होते. त्यांनी वळून बायकोकडे पाहिलं, आणि ते घराकडे चालू लागले. त्या दिवशी सुचिता त्यांच्यामागे गेली नाही. ती माझ्याबरोबर घरी आली, चहा प्याली आणि तास-दीड तासानं उठून गेली.

किसनरावांनी माफी मागितली नाही. अजूनही नाही. अध्यक्षपद मात्र त्यांना त्या वर्षी सोडावं लागलं. कुणी काढलं नाही, पण बैठकीला त्यांना कुणी बोलावलंही नाही. वच्छलाबाईंनी त्यांच्या घरचं काम सोडलं. बाकी घरांनी त्यांची वाट पाहिली, तेवढी लाज आमच्या वसाहतीत शिल्लक निघाली. आचाऱ्यांना निरोप मी स्वतः दिले, एकेकाला गाठून. काय झालं, कुणामुळे झालं, आणि यात हात थरथरण्याचा काहीच संबंध नाही. त्यांतल्या दोघांनी वच्छलाबाई बऱ्या होईपर्यंत काजलला घेतलं.

मार्गशीर्षात मी त्यांना तपासणीसाठी शेवटचं अकोल्याला घेऊन गेले. डॉक्टर म्हणाले, मूठ वळा. बाकीची बोटं तळहाताला टेकली. मधलं निम्म्यावर येऊन थांबलं. त्यांनी दुसऱ्या हातानं ते दाबून पाहिलं, पुन्हा सोडलं, पुन्हा वळवलं. तिथेच थांबलं.

"एवढंच येणार," डॉक्टर म्हणाले.

बाहेर आल्यावर माझा राग आवरेना. अंगठा दुखतो म्हणून! एका माणसाचा अंगठा दुखतो म्हणून दुसऱ्या माणसाचं बोट जन्मभराचं अधू. मी तिथल्या पायऱ्यांवर उभी राहून हेच बडबडत होते, मोठ्यानं, आणि येणारे-जाणारे बघत होते.

वच्छलाबाईंनी हात पदरात घेतला. "बाई, चला," त्या म्हणाल्या. "शेगावची गाडी चुकन."